बरार्डसाहेबाची शिकवणी

बंदूक दुरुस्तीच्या धंद्यात मी ज्या दोघांकडून शिकलो, त्यांतल्या एकाला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याला मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. पहिले आमचे चाचा. पिढीजात शिकलगार, आजोबा तलवारींना धार लावायचे, वडील संस्थानच्या शिलेखान्यात होते आणि हे दुनळी बंदुकांवर आले. दुसरे मेजर सर जेराल्ड बरार्ड. ते १९६५ साली वारले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. माझा हात चाचांनी घडवला. त्या हाताला प्रश्न विचारायची खोड बरार्डनी लावली, आणि ती खोड चाचांना सुरुवातीला मुळीच आवडली नव्हती.

शिकार म्हटलं की मराठी वाचकाला जिम कॉर्बेट आठवतो. बरार्ड आठवायचं कुणाला कारण नाही, कारण त्याचं खरं काम वाघाची नव्हे, बंदुकीची गोष्ट सांगण्यात आहे. तसा हिंदुस्थान त्याला परका नव्हता. वडील सर सिडनी बरार्ड १९११ ते १९१९ या काळात सर्व्हेअर जनरल ऑफ इंडिया होते. हिमालयाची मोजणी हे त्यांचं क्षेत्र. मुलगा तोफखान्यात गेला, पहिल्या महायुद्धात लढला, डीएसओ हा लष्करी सन्मान मिळवला. १९२० मध्ये त्याने हिंदुस्थानात वापरायच्या शिकारी रायफलींवर पुस्तक लिहिलं, १९२५ मध्ये हिमालय आणि तिबेटातल्या शिकारीवर. मग १९३१-३२ मध्ये आलं ‘द मॉडर्न शॉटगन’. तीन खंड. पहिला बंदुकीवर, दुसरा काडतुसावर, तिसरा ही दोन एकत्र आली की काय होतं त्यावर. बाप डोंगर मोजणारा आणि स्वतः तोफा डागणारा; असा माणूस छऱ्याच्या बंदुकीकडे वळला की कोष्टकं येणारच.

मला पहिला आणि तिसरा खंड पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले. दुसरा बऱ्याच वर्षांनी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांकडे दिसला. बंदूक दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, पुस्तक चार दिवस मागून घेतलं आणि सगळं झेरॉक्स केलं. माझं इंग्रजी डिप्लोमापुरतं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचो, आणि संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढल्यावर चाचांना मराठीत सांगायचो. ते ऐकता ऐकता कानस चालवत राहायचे. पटलं नाही की कानस थांबायची.

आमच्याकडे काम काय यायचं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं रोज कुणी राजेसाहेब गाडीतून उतरत होते. रोजची भाकरी बँकांच्या रखवालदारांच्या दुनळ्यांवर होती. वर्षानुवर्षं खांद्यावर फिरलेली, एकदाही न उडालेली बंदूक. नळीत कोळिष्टकं, चाप गंजून घट्ट. त्याखालोखाल कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्यांच्या, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका. बहुतेक एकनळी, काही अजून ठासणीच्या. निवडणूक आली की बऱ्याच परवानाधारकांना बंदुका जमा कराव्या लागतात. एका ठाण्यात त्या ओल्या भिंतीला टेकून राहिल्या आणि परत मिळाल्या त्या तांबड्या होऊन. तो महिना आम्हाला चांगला गेला. चाचा म्हणाले, ‘‘सरकार आपल्याला विसरत नाही बघ.’’

आणि अधूनमधून कोल्हापूर-सांगलीकडच्या, फलटण-सावंतवाडीकडच्या एखाद्या जुन्या घरातून कातडी पेटीतली विलायती बंदूक यायची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तिला काही काम उरलं नाही. तरी घरातला कर्ता माणूस परवान्याचं नूतनीकरण करत राहायचा, दसऱ्याला तिची पूजा व्हायची, आणि पूजेच्या आधी ती आमच्याकडे तेलपाण्याला यायची.

अशा बंदुकांची एक जोडी पहिल्यांदा बाकावर आली तेव्हा चाचांनी मला हात लावू दिला नाही. मग स्वतःच जवळ बोलावून स्क्रू दाखवले. सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत. एकही तिरकी नाही. खाच इतकी बारीक की बाजारातला पेचकस तिच्यात बसत नाही. जबरदस्ती केली तर कड उचकटते आणि भोवतालचं सगळं नक्षीकाम भिकार दिसायला लागतं. चाचांनी प्रत्येक खाचेसाठी वेगळा पेचकस घासून बनवला होता. काढलेला स्क्रू फळीवरच्या ठरलेल्या भोकातच ठेवायचा, कारण दिसायला दोन सारखे असले तरी एक दुसऱ्याच्या जागी आवळला की त्याची खाच रेषेत थांबत नाही. मी तोवर लेथवर काम केलेलं होतं, नट-बोल्ट म्हणजे किलोवर घ्यायची वस्तू असंच मला माहीत होतं. त्या फळीपुढे मी बराच वेळ उभा होतो.

चाचा म्हणत, ही विलायती कारागिरी, हिचं कारण विचारायचं नसतं. बरार्ड कारण विचारतो. चांगली बंदूक चांगली का? तिचं वजन दोन हातांच्या मध्ये एकवटलेलं असतं, म्हणून ती चटकन वळते आणि हवी तिथे थांबते. चाप ओढायला किती जोर लागावा, छऱ्यांच्या वजनाच्या मानाने बंदूक किती जड असावी म्हणजे धक्का सोसवतो, दस्ता किती खाली झुकलेला असावा, हे सगळं तो आकड्यांत आणतो. नक्षीचं कौतुक त्याला आहे. पण बंदुकीची किंमत कशात आहे आणि दिमाख कशात, हे तो वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. आमच्या धंद्यात ते दोन्ही एकाच भावाने विकलं जायचं.

त्यातून पहिलं भांडण झालं ते नळीच्या लांबीवरून. चाचांचा पक्का समज होता की लांब नळीचा बार लांब जातो. ठासणीच्या जमान्यात काळ्या दारूला जळायला जागा लागायची, त्या काळातला हा समज. पुढे बिनधुराची दारू आली तरी तो गेला नाही. विलायतेतही नेमका हाच वाद पेटलेला होता. तीस इंची नळीची सवय असलेल्या लोकांत लंडनचा रॉबर्ट चर्चिल पंचवीस इंची नळीच्या बंदुका विकत होता. कुणी त्याला डोक्यावर घेत होतं, कुणी नावं ठेवत होतं. बरार्डची रीत अशी की आधी वेग मोजा, मग बोला. नळी इंचभर आखूड झाली तर छऱ्यांचा वेग सेकंदाला जेमतेम पाच-दहा फुटांनी घटतो. पाखराला तो फरक कळत नाही. आखूड नळी वळवताना हाताला कशी लागते हा वेगळा प्रश्न, आणि तो ज्याच्या त्याच्या खांद्याचा.

हे सांगितल्यावर कानस थांबली. चाचा म्हणाले, ‘‘मेजरसाहेबानं हितं येऊन बार काढून दाखवावा.’’ (मेजरसाहेब हे नाव तेव्हा पडलं ते शेवटपर्यंत राहिलं.) साहेब येणं शक्य नव्हतं, म्हणून मी तिसऱ्या खंडातली रीत उचलली. चाळीस यार्डांवर मोठा कागद ताणायचा, एक बार काढायचा, जिथे छरे सगळ्यांत दाट पडलेत तो मध्य धरून तीस इंच व्यासाचं वर्तुळ आखायचं आणि आतली भोकं मोजायची. काडतुसातल्या एकूण छऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास आत पडले तर नळीचं तोंड पुरतं आवळलेलं, म्हणजे फुल चोक; चाळीस टक्के पडले तर सरळ सिलिंडर. आम्ही दगडाच्या खाणीत, परवानगीच्या जागी, वर्तमानपत्राची पानं खळीने जोडून बांबूच्या चौकटीवर लावली. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, चार नंबर छऱ्याची. त्या छऱ्याचे औंसाला सुमारे १७० दाणे येतात.

एक बंदूक एका मोठ्या घराण्याची होती. ‘कडक बार’ म्हणून चार गावांत तिची ख्याती. दुसरी इशापूरच्या सरकारी कारखान्याची, बँकेतली, दस्त्यावर पत्त्याच्या डावाचे आकडे कोरलेली. मी पेन्सिलीने एकेक भोक खुणावत मोजत होतो आणि चाचा मागे उभे. घराण्याच्या बंदुकीच्या वर्तुळात एवढी मोठी मोकळी जागा होती की ससा निवांत बसून राहिला असता. इशापूरवालीने छरे सगळीकडे सारखे पेरले होते. दोन्हीकडून पुन्हा बार काढले, नळ्या बदलून काढले. निकाल तोच. चाचा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना म्हणाले, ‘‘त्या घरात यातलं काही सांगू नकोस. पैसे तेच देणार हायत.’’

पण त्या दिवसापासून ते मला स्वतःहून विचारू लागले, याबद्दल मेजर काय म्हणतो?

आणि काही ठिकाणी मेजर चाचांच्याच बाजूने निघाले, हे सांगायला हवं. चाचा नळी खिडकीकडे धरून आतून पाहायचे. खिडकीची आडवी पट्टी नळीच्या आतल्या चकाकीत काळ्या सावलीची रेघ होऊन उतरते. नळी फिरवली की ती रेघ जिथे मोडते तिथे नळी वाकडी, जिथे फुगते तिथे पोचा. मायक्रोमीटर लावायच्या आधी त्यांचा अंगठा त्या जागेवर असायचा. मला ते त्यांचं खासगी कसब वाटे. वाचताना कळलं की बर्मिंगहॅमचे कारागीरही पिढ्यान् पिढ्या अशीच सावली पाहून नळ्या सरळ करत आले आहेत. मी ते सांगितलं तेव्हा म्हातारा खूश झाला. ‘‘म्हणजे आपल्यातलेच की रे ते.’’

नळ्यांच्या जोडीची परीक्षाही तशीच. जोडी हुकाला अडकवून लोंबती ठेवायची आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. मधल्या पट्टीची झाळ शाबूत असेल तर काशाच्या ताटलीसारखा नाद उठतो आणि रेंगाळतो. झाळ कुठे सुटली असेल तर नुसती खरखर. सांधा बसवायला रॉकेलच्या चिमणीची काजळी. पोलादाच्या एका भागावर काजळी धरायची, बंदूक मिटायची, उघडायची. जिथे काजळी पुसली गेली तेवढाच उंचवटा, तेवढ्यावरच कानशीचा एक हात. पुन्हा काजळी. दिवस जातो. शेवटी मिटल्यावर सिगारेटचा कागदही मध्ये सरकत नाही. लंडनमध्येही हे काम धुराच्या दिव्यानेच होत आलं आहे. त्यासाठी यंत्र शोधायची गरज त्यांनाही पडली नाही.

एकदा कोकणातून एक बागायतदार आले. नळीला तोंडापासून वीतभर आत कडं घातल्यासारखा गोल फुगवटा. काडतूस खराब निघालं, कंपनीवर केस करणार, तुम्ही लिहून द्या. आमच्या धंद्यात असं लिहून देणं सोपं असतं. गिऱ्हाईक खूश होतं आणि काडतुसाची कंपनी काही दुकानात येऊन भांडत नाही. पण बरार्डचं फुटलेल्या नळ्यांवरचं विवेचन मी इतक्या वेळा वाचलं होतं की ते मला माझंच वाटायला लागलं होतं. काडतुसाचा दाब जास्त झाला तर तडाखा बसतो चेंबरपाशी, म्हणजे काडतूस बसतं तिथे, कारण सगळ्यात जास्त दाब तिथे असतो. पुढे नळीत सगळीकडून सारखा फुगवटा आला तर नळीत काहीतरी अडलेलं होतं. छरे त्यावर जाऊन आदळतात, मागून येणारा वायू तिथे तुंबतो, आणि पोलाद बाहेर ढकललं जातं. चिखल, बर्फ, साफ करताना राहिलेली चिंधी, काहीही चालतं. बारा बोअरमध्ये चुकून वीस बोअरचं काडतूस सरकलं तर ते पुढे जाऊन अडकतं आणि मागून बाराचं घातलं की हात जायची वेळ.

मी विचारलं, ‘‘बंदूक कुठे असते?’’ ओटीवर, खुंटीला. तोंड वर. ‘‘पावसाळ्यानंतर साफ केली होती?’’ उत्तर नाही. नळीत बॅटरी टाकली. फुगवट्याच्या जरा मागे मातीचा भाजका कण चिकटलेला होता. कुंभारीण माशीने नळीत घर बांधलं होतं. कोकणात कुंभारणीला कुठलंही भोक चालतं, कुलपाचं सुद्धा. साहेबाच्या मनात बर्फ असणार, आमच्याकडे कुंभारीण, नियम तोच. काडी घालून तो कण काढला आणि बागायतदारांच्या तळहातावर ठेवला. ते जरा नाराज झाले, मग हसले, आणि वाचलो म्हणाले.

सगळे प्रसंग असे हसण्यावारी संपले नाहीत.

एक बॉक्सलॉक दुनळी विकायची म्हणून माझ्याकडे दुरुस्तीला आली. त्या बंदुकीने घरातल्या थोरल्या भावाचा पाय घेतला होता. धाकटा ती जीपमधून उतरवत होता, दस्ता जमिनीवर आपटला, बार उडाला. सेफ्टी लावलेली होती असं धाकट्याचं म्हणणं. पोलिसांनी अपघात म्हणून कागद बंद केले. घरात ते कागद कुणी मानले नव्हते. जमिनीच्या वाटण्या तोंडावर होत्या, आणि सेफ्टी लावलेली बंदूक उडेलच कशी हा प्रश्न थोरल्याच्या घरच्यांनी सोडला नव्हता. भाऊ एका वाड्यात राहून बोलत नव्हते.

अॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये जी बॉक्सलॉक यंत्रणा काढली, तिच्यावर जगातल्या बहुतेक साध्या दुनळ्या चालतात. तिची सेफ्टी चापाला अडवते. आतला घोडा ज्या खाचेत अडकून ताणलेला असतो, त्या खाचेवर तिचा काही ताबा नसतो. खाच झिजलेली असेल तर जोराच्या धक्क्याने घोडा सुटतो आणि चाप जागेवरच राहतो. महागड्या साइडलॉक बंदुकीत असा सुटलेला घोडा मध्येच पकडायला बहुधा आणखी एक अडसर असतो. साध्या बॉक्सलॉकमध्ये सहसा नसतो. हे मी पहिल्या खंडात वाचलं होतं, म्हणून उघडल्या उघडल्या तिकडेच पाहिलं. खाचेची कड गोल झाली होती. आधी कुणीतरी चाप हलका करायच्या नादात तिला दगड लावलेला दिसत होता.

मी थोरल्या भावांना निरोप पाठवला, दोघेही या. ते आले, कुबड्या घेऊन. धाकटे दारात उभे राहिले. मी छरे-दारू नसलेलं, नुसती टोपी असलेलं काडतूस घातलं, सेफ्टी मागे ओढली, त्यांना हात लावून खात्री करायला सांगितली, नळी वाळूच्या पोत्याकडे धरली आणि दस्ता लाकडी ओंडक्यावर आपटला. टोपी उडाली.

‘‘परत करा,’’ थोरले म्हणाले.

परत केलं. एकदा उडाली नाही, पुढच्या वेळी उडाली.

‘‘म्हणजे ह्यानं चाप ओढला नव्हता.’’

त्या वेळी ‘हो’ म्हणावंसं फार वाटलं. सगळ्यांना तेच हवं होतं, मलाही. पण मी म्हटलं, ‘‘ते मला सांगता येणार नाही दादा, मी तिथे नव्हतो. चाप न ओढता ही बंदूक उडते, एवढं मी दाखवू शकतो.’’ चाचा माझ्याकडे रागाने बघत होते. नंतर म्हणाले, एक शब्द जास्त बोलला असतास तर काय बिघडलं असतं? हा वाद आमच्यात मिटला नाही. बरार्डने १९३४ मध्ये गुन्ह्यातल्या बंदुका ओळखण्याच्या शास्त्रावरही पुस्तक लिहिलं आहे. मला त्यातून मिळालेली ओळ इतकीच: पुरावा जिथे थांबतो तिथे साक्षीदाराने थांबावं. ते दोन्ही भाऊ एकाच गाडीतून परत गेले. पुढे वाड्यात काय झालं ते मी विचारलं नाही. बंदूक त्यांनी विकली नाही. नवी खाच पाडून, चाप जड करून घेऊन गेले.

नंतरच्या वर्षांत नेमबाजांचं काम वाढलं. आमच्या भागात नेमबाजी म्हणजे रायफल आणि पिस्तूल. तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, स्वप्नील कुसाळे कांबळवाडीचा. रायफल हातात घेतलेली पोरं इथे गल्लोगल्ली भेटतात. छऱ्याच्या बंदुकीचा खेळ, तबकडी हवेत सोडून फोडायचा, त्याला मोकळं मैदान लागतं आणि खिसा लागतो. एका फेरीत पंचवीस तबकड्या; प्रत्येक काडतुसाला पैसे. म्हणून आपल्या देशात तो आधी राजेरजवाड्यांचा राहिला. बिकानेरचे करणी सिंग १९६० ते १९८० मध्ये पाच ऑलिंपिकला गेले, १९६२ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य आणलं. मग लष्करातल्यांचा झाला. राज्यवर्धन राठोडांचं २००४ चं अथेन्सचं रौप्य सगळ्यांना आठवतं.

तर एक मुलगी यायला लागली. शेतकरी बापाने जमिनीचा तुकडा विकून खेळाला घातलेली. बंदूक कुणाची तरी मागून आणलेली, दस्ता तिच्या मापाचा नाही. गालावर निळा डाग. तिची तबकडी नेहमी एकाच बाजूने सुटायची आणि शिकवणारे म्हणत, लक्ष नसतं हिचं. मी तिला दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्या खांबाकडे बोट करायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला. उजवा मिटला तरी बोट खांबावरच. डावा मिटला की बोट उडी मारून बाजूला. बंदूक उजव्या खांद्याला आणि राज्य डाव्या डोळ्याचं. छऱ्याच्या बंदुकीला मागचा नेम नसतो. नेमबाजाचा डोळा हाच मागचा नेम, हे बरार्ड किंवा त्याच्या परंपरेतलं कुठलंही पुस्तक पहिल्यांदा सांगतं. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावला. तबकड्या फुटायला लागल्या.

दस्ता राहिला होता. अक्रोडाचं लाकूड वाकवायला उकळतं जवसाचं तेल लागतं. हात जिथे पकडतो त्या बारीक भागाला फडकं गुंडाळायचं, त्यावर तेल ओतत राहायचं, आणि लाकूड मऊ झालं की चौकटीत धरून स्क्रू हळूहळू आवळायचा. घाई केली तर तडा जातो आणि मग मालकाला तोंड दाखवता येत नाही. ती मुलगी शेजारी बसून बघत होती. ‘‘काका, लाकडाला दुखत असेल का हो?’’ म्हणाली. पुढे तिने खेळ सोडला, पैशापायी. लग्न झालं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

बरार्डबद्दल माझं सगळंच कौतुकाचं मत आहे असं नाही. हिमालयावरचं त्याचं शिकारीचं पुस्तक मी अर्ध्यात ठेवलं. शिंगांची लांबी मोजणारा तोच काटेकोर हात तिथे वाचवत नाही. ज्यांच्या पाठीवर सामान होतं ती माणसं कडेकडेने चालत राहतात. कारागिरांबद्दल तो आदराने लिहितो, पण वाचक म्हणून त्याच्यासमोर बसलेला असतो तो मोसम संपला की बंदूक लंडनला बनवणाऱ्याकडे पाठवणारा गृहस्थ. ती बंदूक आमच्याकडे यायची आणि बनवणारा साता समुद्रापार. १९४० मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, साहेबाने गळाला लावायच्या नकली माश्या कशा बांधाव्यात यावर पुस्तक काढलं. मी ते पाहिलेलं नाही, पण दोरा किती जाड हवा हे त्यात मोजून दिलं असणार याबद्दल पैज लावायला तयार आहे.

चाचा गेल्यावर दुकान मी चालवतो. आता दुरुस्तीपेक्षा नाही म्हणण्याचं काम जास्त आहे. जुन्या विलायती नळ्यांवर प्रूफ हाऊसचे शिक्के असतात. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला १६३७ ची सनद आहे, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. जादा दारूचा बार काढून नळी टिकली तरच शिक्का. हा शिक्का काळ्या दारूचा की बिनधुराच्या, ते आधी पाहायचं. दमास्कसची नळी, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, तिच्यावर बहुतेकदा काळ्या दारूचाच असतो. मग चेंबर ६५ मिलिमीटरचं की ७०. आखूड चेंबरमध्ये लांब काडतूस बसतं, अडतं ते उघडताना, पुढे तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. मग आतला व्यास. बारा बोअरचा ०.७२९ इंच, शिक्क्याच्या मापापेक्षा दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढला तर विलायती कायद्याने तो शिक्का बाद. गंजाचे खड्डे काढायला पिढ्यान् पिढ्या आतून पॉलिश होत आलेलं असतं आणि प्रत्येक वेळी भिंत थोडी पातळ.

परवाच एक तरुण आला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असतो. आजोबांची दमास्कस दुनळी. वारसाहक्काने परवाना स्वतःच्या नावावर करून घेतलेला. दसऱ्याला एक बार काढायचा होता, परंपरा म्हणून. मी भिंतीची जाडी मोजली. नळीच्या मध्यावर वीस थाऊसुद्धा भरत नव्हती.

‘‘पण आजोबांनी हिच्यानं वाघ मारलाय,’’ तो म्हणाला.

‘‘तेव्हा भिंत जाड होती.’’

‘‘थोडी दारू कमी घातली तर?’’

मी त्याला मायक्रोमीटर हातात दिला आणि स्वतः मोजायला सांगितलं. इंजिनीअर असल्यामुळे त्याने तीन जागी मोजलं, सरासरी काढली आणि मोबाइलमध्ये टाइप केली.

‘‘मग आता काय करायचं हिचं?’’

‘‘पूजा करा. चालायची बंद करून भिंतीवर लावायची असेल तर आधी कलेक्टर कचेरीत विचारून या, लेखी आणा. तोवर मी स्क्रूलाही हात लावणार नाही.’’

‘‘त्याला किती दिवस लागतील?’’

‘‘कचेरीचं माप माझ्याकडे नाही,’’ मी म्हटलं, आणि त्याला पावती फाडून दिली.